इंजिनाचा घसा

इंग्रजीत 'थ्रॉट' म्हणजे घसा, आणि त्यावरूनच 'थ्रॉटल' म्हणजे गळा आवळणे. गाडीच्या बाबतीत हा शब्द आपण बरोबर उलटा वापरतो. 'फुल थ्रॉटल' म्हणजे गाडी सुसाट! शब्दाच्या मुळाकडे बघितलं तर ते इंजिन गुदमरून जायला हवं. पण पेट्रोल इंजिनाचं आतलं काम खरोखरच शब्दाशी प्रामाणिक आहे. हे इंजिन म्हणजे एक पंप. त्याला मोकळं सोडलं तर ते मावेल तेवढी हवा ओढून घेईल. आपण त्याच्या नळीत एक चकती आडवी धरून त्याचा घसा आवळून ठेवतो. ॲक्सिलरेटर दाबतो म्हणजे आपण त्याला ताकद वगैरे काही देत नाही, फक्त गळ्यावरची पकड सैल करतो. (जुन्या डिझेल इंजिनांना ही चकती लागतच नसे. तिथे हवा हवी तेवढी घ्या, मोजून द्यायचं ते फक्त डिझेल.)

ही चकती आणि ती जिच्यात फिरते ती ॲल्युमिनियमची नळी, दोन्ही मिळून होते थ्रॉटल बॉडी. आमच्या २०१४ सालच्या छोट्या पेट्रोल गाडीची थ्रॉटल बॉडी मध्यंतरी बिल्डिंगच्या पार्किंगमध्येच खोलली, साफ केली आणि परत बसवली. सिग्नलला रेस पडायची, एसी लावला की गाडी थरथरून बंद व्हायची. एका सर्व्हिस सेंटरने अख्खा पार्टच बदलायला सांगितला आणि पाच आकडी रक्कम सांगितली, तेव्हा म्हटलं आधी आपणच बघू. काम दोन तासांचं. पण वर्तमानपत्रावर सुटी करून ठेवलेली ती वस्तू बघताना जाणवलं, की दोन तळहातांत मावणाऱ्या या पार्टमध्ये सव्वादोनशे वर्षं थरावर थर देऊन बसली आहेत. आणि त्या थरांमध्ये एक जुनं भांडणही आहे: ही चकती कोणी हलवायची, आणि गाडीला हात कोणी लावायचा?

सगळ्यात जुना थर अर्थातच चकतीचा. मधून दांडा गेलेली, नळीत फिरणारी गोल चकती. जेम्स वॉटच्या वाफेच्या इंजिनात हीच होती. १७८८ मध्ये त्याने तिला गरगर फिरणाऱ्या दोन गोळ्यांचा गव्हर्नर जोडला. वेग वाढला की गोळे बाहेर फाकत, चकती मिटू लागे, वाफ कमी होई आणि इंजिन आपोआप ताळ्यावर येई. म्हणजे चकती माणसाने हलवायची की यंत्राने, हा प्रश्न मोटारीच्या जन्माआधी शंभर वर्षं येऊन गेला होता, आणि त्याचं उत्तर तेव्हाच 'यंत्राने' असं देऊन झालं होतं.

मोटारगाडीत मात्र माणूस परत आला. कार्ल बेंझने १८८६ मध्ये पेटंट घेतलं. ऑगस्ट १८८८ मध्ये त्याची बायको बर्था दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, मानहाइमहून फोर्त्सहाइमला आपल्या आईकडे निघाली. जगातला मोटारीचा पहिला लांबचा प्रवास म्हणजे बाईंचं माहेरी जाणं! वाटेत इंधन संपलं, ते वीसलोख गावात औषधाच्या दुकानातून घेतलं. इंधनाची नळी तुंबली, ती हॅटच्या टाचणीने मोकळी केली. 'लाइनमध्ये कचरा आलाय' या पुढे शंभर वर्षं गाजलेल्या तक्रारीचा हा बहुधा पहिला नोंदलेला प्रसंग, आणि दुरुस्ती करणारी होती गाडी चालवणारीच. तेव्हा दुसरं कोणी नव्हतंच म्हणा.

बेंझच्या गाडीत इंधनाच्या पृष्ठभागावरून नुसती वाफ उचलली जाई. १८९३ मध्ये विल्हेल्म मायबाखने फवारा मारणारा कार्बोरेटर आणला. त्याच वर्षी बुडापेस्टला डोनात बांकी आणि यानोश चोंका यांनीही तसाच बनवला होता. तत्त्व अत्तराच्या फवाऱ्याच्या बाटलीचं. नळी मध्ये अरुंद केली की तिथे हवेचा वेग वाढतो, दाब पडतो, आणि बारीक भोकातून पेट्रोल आपणहून ओढलं जाऊन तुषार होतात. त्या अरुंद भागाच्या पुढे आपली चकती. ना वीज, ना सेन्सर, ना स्मरणशक्ती. हवेच्या ओढीवर सगळं काम, आणि ते जवळजवळ शंभर वर्षं चाललं. मला विचाराल तर माणसाने बनवलेल्या फार हुशार वस्तूंपैकी ही एक आहे.

आपल्याकडच्या लोकांनी ती हुशारी बघितली ती बहुतेक फियाटमध्ये. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बाहेर पडू लागली आणि पुढे १९७० च्या दशकात तिचं नाव झालं पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन, डोक्यावर एक कार्बोरेटर. आमच्या ठाण्याच्या काकांकडे होती. (काका हे वाचतील, म्हणजे काकू त्यांना वाचून दाखवेल.) थंडीत सकाळी चोक ओढायचा, सुरू झाली की हळूहळू आत ढकलायचा, आणि हे तंत्र घरात फक्त काकांनाच जमतं असा काकांचा समज.

महिन्या दोन महिन्यांनी मिस्त्री यायचा. बॉनेट उघडून आधी काही करायचाच नाही, नुसता ऐकत उभा राहायचा. मग खिशातून स्क्रू ड्रायव्हर. कार्बोरेटरला दोन स्क्रू: एक रेसचा, म्हणजे चकती पूर्ण मिटू न देणारा, आणि एक मिक्श्चरचा. मिक्श्चरचा स्क्रू फिरवत इंजिनाचा आवाज सगळ्यात वर चढतो ती जागा शोधायची, तिथून किंचित मागे यायचं, मग रेसचा स्क्रू कमी करायचा. परत एकदा पहिला. तंबोरा लावताना जवारी शोधतात ना, तसंच. अडलंच तर झाकण उघडून जेट काढायचा, उजेडाला धरून बघायचा, तोंडाने जोरात फुंकर मारायची आणि परत बसवायचा. आम्ही पोरं भोवती उभी राहून हे बघायचो आणि चौथ्या-पाचव्या वेळी आम्हालाही कळायला लागलं की आवाज 'कोरडा' झाला म्हणजे काय. कोणी शिकवलं नव्हतं. झाकण उघडं होतं, एवढंच.

आता इथे गळा काढायची पद्धत आहे, गेले ते मिस्त्री आणि गेले ते कान. पण मला त्या गाडीच्या मागे उभं राहिल्यावर डोळ्यांना झोंबायचं तेही आठवतं. मिस्त्रीचा कान इंजिन गुळगुळीत चालतंय का हे ऐकू शकत होता. धुरात कार्बन मोनॉक्साइड किती हे कानाला ऐकू येत नाही. उलट इंजिन जरा 'रिच' असलं, म्हणजे पेट्रोल जास्त जात असलं, की ते कानाला जास्त गोड लागतं. १९८९ च्या मोटार वाहन नियमांमुळे पीयूसी आलं, चारचाकीला आयडलिंगला ३ टक्के कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा आली, तेव्हा मिस्त्री लोकांनी काय केलं? पीयूसीच्या दिवशी स्क्रू अर्धा फेरा आत, कागद हातात आला की अर्धा फेरा बाहेर. काका हसत हसत सांगायचे ही युक्ती. चाकं चार होती, हवा सगळ्यांची होती.

वर्तमानपत्रावर ठेवलेल्या थ्रॉटल बॉडीत चकतीच्या कडेला आणि मागच्या बाजूला काळा, तेलकट, डांबरासारखा थर होता. रेस पडत होती ती याच्यामुळेच. चकती मिटलेली असताना कडेने जी केसाएवढी फट राहते, ती बुजत आली होती. मला वाटायचं ही रस्त्यावरची धूळ. तसं नाही. धूळ एअर फिल्टरमध्ये अडकते. हा थर इंजिनाच्या पोटातून येतो, आणि तो तिथे आणून सोडला तो कॅलिफोर्नियातल्या एका सक्तीने.

जुलै १९४३ मध्ये लॉस एंजेलिसवर असा काही धूसर, डोळे चुरचुरणारा धुरळा उतरला की लोकांना वाटलं जपान्यांनी विषारी वायू सोडला. लढाई संपली तरी धुरळा येतच राहिला. तिथल्या कॅलटेकमध्ये आरी हागेन-स्मिट नावाचा मूळचा डच रसायनशास्त्रज्ञ अननसाच्या स्वादावर काम करत होता. अननसाचा वास वेगळा करणाऱ्या माणसाला हवेचा वास वेगळा करायला सांगितलं, आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने दाखवून दिलं की गाड्यांच्या आणि कारखान्यांच्या धुरातले न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर ऊन पडून हे विष तयार होतंय. मोटार कंपन्यांनी बराच काळ ते मानलं नाही. पुढे हाच माणूस तिथल्या हवा मंडळाचा पहिला अध्यक्ष झाला.

इंजिनात स्फोट होतो तेव्हा थोडा वायू पिस्टनच्या कडेने निसटून खाली तेलाच्या खोलीत उतरतो. पूर्वी तो एका नळीने सरळ खाली रस्त्यावर सोडून देत. १९६१ मध्ये कॅलिफोर्नियाने ठरवलं की हा वायू बाहेर सोडायचा नाही, परत इंजिनाच्या तोंडात घालून जाळायचा. १९६३ पासून ते तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांना लागू झालं. अमेरिकेत गाडीच्या प्रदूषणावर झालेली ही पहिली तांत्रिक सक्ती. आज जगभर प्रत्येक गाडीत ती जुनी नळी उलटी वळवून इंजिनाच्या घशात सोडलेली असते, आणि तेलाचं धुकं तिथे बसून भाजून काळं होतं. मी जुन्या टूथब्रशने घासत होतो तो मळ पूर्वी रस्त्यावर, म्हणजे कोणाच्या तरी नाकात, गेला असता. हे कळल्यावर त्याचा राग येईना.

पुढची पावलं भराभर पडली. अमेरिकेत १९७० च्या दशकात मिक्श्चरच्या स्क्रूवर प्लॅस्टिकच्या टोप्या आल्या, म्हणजे तो ठरावीक मर्यादेपलीकडे फिरवता येऊ नये. नंतर तर स्क्रू धातूच्या बुचाखाली कायमचा बंद होऊ लागला. आमच्या मिस्त्रीच्या अर्ध्या फेऱ्याला तिकडे आधीच उत्तर दिलेलं होतं. १९६७ मध्ये बॉशने फोक्सवॅगनच्या गाडीत इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आणलं. आणि १९७६ मध्ये व्होल्वोने तिन्ही विषारी वायू एकदम निस्तरणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणला, त्याने कार्बोरेटरचा निकाल लागला. कारण हा कन्व्हर्टर भलता सोवळा आहे. एक किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा, हे प्रमाण क्षणोक्षणी सांभाळलं तरच तो काम करतो. धुरात ऑक्सिजन मोजून सेकंदाला कित्येकदा पेट्रोल दुरुस्त करणं फुंकर मारलेल्या जेटला आणि स्क्रूला कसं जमणार?

मग कार्बोरेटरचे अवयव एकेक करून काढले गेले. पेट्रोल गेलं इंजेक्टरकडे. तरंगता फ्लोट, जेट, चोक सगळं गेलं. हिशेब गेला कॉम्प्युटरकडे. उरला नुसता घसा आणि त्यातली वॉटची चकती. थ्रॉटल बॉडी म्हणजे दुसरं काही नाही, कार्बोरेटरमधून पेट्रोल आणि अक्कल काढून घेतल्यावर जे शिल्लक राहिलं ते.

भारतात हे सगळं पंचवीस वर्षांनी आणि एका दमात झालं. १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत शिसंविरहित पेट्रोल मिळू लागलं आणि तिथल्या नव्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. (शिशाने कन्व्हर्टर मरतो, म्हणून आधी पेट्रोल बदलावं लागलं.) १९९८ मध्ये सॅन्ट्रो आली ती इंजेक्शन घेऊनच. आणि २९ एप्रिल १९९९ ला, एम. सी. मेहतांच्या १९८५ पासून चाललेल्या याचिकेत, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दिल्ली परिसरात १ जून १९९९ पासून युरो १ आणि १ एप्रिल २००० पासून युरो २ नसेल तर नव्या खाजगी गाडीची नोंदणीच नाही. वर्षभराची मुदत! कंपन्यांची धावपळ उडाली. १९८३ पासून कार्बोरेटरवर चाललेल्या मारुती ८०० लाही नवं इंजेक्शन मिळालं, २००१ मध्ये मुंबईलाही दुसरा टप्पा लागू झाला, आणि गाड्यांच्या पाठीवर 'एमपीएफआय' अशी अक्षरं पदवी मिळाल्यासारखी झळकू लागली.

ती अक्षरं बघून कित्येक मिस्त्री लोकांनी बॉनेट खाली केलं आणि 'शोरूमला न्या' म्हणून सांगितलं. हे वाक्य त्यांच्या तोंडून त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

आता खोलण्या-बसवण्याबद्दल, कारण दोघातिघांनी मेलवर विचारलंय. इंजिन थंड हवं. दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. एअर फिल्टरकडून येणारा जाड पाइप, मग ॲक्सिलरेटरची केबल, मग सेन्सरचे प्लग. बारीक नळ्यांना काढण्याआधी चिकटपट्टीचे तुकडे लावून नंबर घाला, नंतर सगळ्या सारख्याच दिसतात. पुष्कळ गाड्यांत थ्रॉटल बॉडीतून कूलंटच्या दोन नळ्या जातात, चकतीवर बर्फ धरू नये म्हणून. कोथरूडला बर्फ! पण डिझाइन थंड देशांतही चालायला हवं, त्याला आपण काय करणार. मग चार बोल्ट. साफसफाईला थ्रॉटल बॉडीसाठीचाच स्प्रे घ्या. काही गाड्यांत चकतीच्या कडेला मुद्दाम दिलेला लेप असतो, तो मळ समजून खरवडू नका. चकती अडवणारा छोटा स्क्रू फॅक्टरीत रंग लावून बंद केलेला असतो, त्याला शिवायचं नाही. बसवताना पॅकिंग नवीन, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत, कारण आटे ॲल्युमिनियमचे. आणि ज्यांच्या गाडीत केबल नाही, चकती मोटरने फिरते, त्यांनी चावी चालू असताना आत बोट घालू नये. ती चकती बोट ओळखत नाही.

सगळं नीट बसवल्यावर गंमत होते. गाडी सुरू केली की रेस चांगली वर चढलेली! काही बिघडलेलं नसतं. झालेलं असं असतं, की वर्षानुवर्षं फट बुजत गेली तसतसा कॉम्प्युटर आयडलिंगची हवा जरा जरा जास्त सोडत गेला आणि ते आकडे त्याने लक्षात ठेवले. मळ त्याने गृहीतच धरलेला असतो. आता मळ गेला, सवय राहिली. पुष्कळ गाड्यांत बॅटरी सोडल्याने ती सवय पुसते आणि थोडं चालवल्यावर गाडी नवीन शिकते. काही गाड्यांत मात्र स्कॅनर जोडून 'शिक' असं सांगावं लागतं, आणि तो स्कॅनर, त्यातली आज्ञा, कोणाच्या हातात असावी हे आजचं भांडण.

या बाबतीत एक गोष्ट लोक विसरतात. ज्या स्वच्छ हवेच्या कायद्यांनी आपल्या हातातला स्क्रू काढून घेतला, त्यांनीच आपल्याला एक खिडकीही दिली. अमेरिकेच्या १९९० च्या दुरुस्तीत असं होतं की गाडीने स्वतःचे दोष स्वतः नोंदवावेत, ते वाचायचं सॉकेट सगळ्या कंपन्यांचं एकसारखं असावं, आणि धुराशी संबंधित दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजनाही मिळावी. १९९६ पासून तिथल्या नव्या गाड्यांत ते सॉकेट आलं. आपल्याकडे २०१० मध्ये पहिला टप्पा, २०१३ मध्ये दुसरा. स्टिअरिंगखाली वाकून बघा, सोळा पिनांचं आहे. स्वस्तातला वाचक आणि मोबाइल एवढ्यावर आयडलिंग, ऑक्सिजन, चकती किती टक्के उघडी, सगळं डोळ्यांसमोर दिसतं. काकांच्या मिस्त्रीला जे कानाने कधीच कळलं नसतं ते. पण नोंदी वाचायची सक्ती झाली, शिकवायची नाही. वाचता सगळ्यांना येतं, नवं शिकवण्याची आज्ञा कित्येक कंपन्या स्वतःपाशी ठेवतात. हवा स्वच्छ राहण्यासाठी मिक्श्चरचा स्क्रू झाकणं मला पटतं. साफ केलेली चकती ओळखण्याची आज्ञा झाकण्याने कोणाची हवा स्वच्छ होते, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मर्यादा भरल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये काळीपिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. त्याआधीच, १ एप्रिल २०२० ला बीएस ६ आलं आणि नव्या स्कूटर-मोटरसायकलींतूनही कार्बोरेटर जवळजवळ संपला. जे २००० मध्ये गाडीच्या मिस्त्रींचं झालं ते वीस वर्षांनी दुचाकीवाल्यांच्या वाट्याला आलं, आणि ते संख्येने कितीतरी जास्त. आमच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने लॉकडाउन उठल्यावर एक स्कॅनर घेतला. दोन कंपन्यांच्या स्कूटर त्याच्यावर पूर्ण उघडतात, तिसरीच्या फक्त दोषांचे नंबर दिसतात, त्या तो अजून शोरूमला पाठवतो. मी विचारलं, मग तिसऱ्या कंपनीचं काय करणार? म्हणाला, साहेब, पोरगा शोधतोय नेटवर.